पाठीवरचा माणूस

हैदराबाद
१० नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,
प्रणिताचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. अक्षर आता माझ्यापेक्षा चांगलं येतंय. मी चौथीत असताना डब्याच्या झाकणावर राख पसरून तुला 'क' गिरवायला लावला होता, तेव्हा तूच म्हणाली होतीस की ही पोट्टी मला मारून टाकेल. तुझ्या कानांनी दगा दिला तेव्हा ती राख कामाला आली. फोनवर मी इकडून ओरडणार आणि तू तिकडे बाबांना विचारणार, काय म्हणते. त्यापेक्षा हे बरं. एकच गोष्ट मला अजून पटत नाही. एवढं लिहिता येऊन तू सरकारी कागदावर अंगठा का उठवतेस? मागच्या वेळी तलाठ्याने हसून विचारलं, तर तू म्हणे अंगठ्याला फोड आलाय म्हणून सांगितलंस. आत्या, अंगठ्याला फोड आलेला माणूस अंगठा कसा उठवेल?

माझं काम चालू आहे. आपल्या जिल्ह्यातल्या आणि आजूबाजूच्या जंगलांतल्या वाघांची नाती आम्ही लावतोय. वाघ पकडावा लागत नाही. त्याची विष्ठा, झाडाला चिकटलेले केस, एवढं पुरतं. कोण कोणाची आई, कोण कोणाचं भावंड, मधल्या रस्त्यांमुळे आणि शेतांमुळे कोणाचं येणं-जाणं बंद झालं, हे त्यातून कळतं. जुने नमुनेही पुन्हा तपासतोय. पूर्वी वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेले, ते आता एकत्र आलेत.

त्यावरूनच एक विचारायचं होतं. मामाजी त्या दिवशी तुरीत गेले तेव्हा त्यांच्या खांद्यावर कोणता दुपट्टा होता? त्याचा कोपरा लाल दोऱ्याने शिवलेला होता का? उगीच विचारते असं समज. आणि ऊन कलल्यावर शेतात एकटी थांबू नकोस. बाबांनाही सांग.

मी बरी आहे. दाराला कुलूप लावलं की नाही ते पाहायला हल्ली दोनदा जिना चढून येते. मैत्रीण ऋचा हसते.

बाबांना नमस्कार. माझी आठवण काढत जा, पण काळजी करू नकोस. ती मी दोघींची करते.

तुझी,
प्रणिता


बोरतळा, ता. झरी जामणी
२१ नोव्हेंबर

चि. प्रणिताले,
आत्याचा पोटभर आशीर्वाद.

तुह्या बापाले तुहं पत्र वाचून दाखवलं. कुलपाचं ऐकून सदाशिव म्हनते, पोरगी लहानपनीबी कोंबड्या झाकल्या का नाही ते पाहाले उठे. तू आमच्याच घरची, करंगळी पाह्य आपली, सगळ्याइची एकाच बाजूले वाकडी. काळजीबी तशीच वाकडी.

अंगठ्याचं आता तुले सांगूनच टाकते. सही करा लागली तं पुरं नाव लिहा लागते. माह्या नावामांगं कोनाचं नाव येते? ते मी जन्मात घेतलं नाही. तुमच्या शहरातल्या बाया नवऱ्याले नावानं हाका मारतात, मारोत बिचाऱ्या. अन् लिहिलेलं नाव बी घेतलेलंच नाव असते. पन माह्यासाठी आता ते साधं लाजेचं राह्यलं नाही.

आपल्याकडचं तुले माहीत आहे का नाही, तू लवकर शिकाले गेली. वाघानं नेलेला मानूस जात नाही, त्या वाघाच्या पाठीवर बसते. तोच मंग वाघाले वाट दाखवते. आपल्या गावाचे रस्ते, कोन कवा शेतात जाते, सगळं त्यालेच तं माहीत असते. त्याले खाली उतरवाचं असन तं बायकोनं तो पडला त्या जागी उभं राहून नावानं हाक मारा लागते. मंग तो उतरते. पन उतरला का गेला. परत येत नाही.

तुह्या मामाजीले मी हाक मारली नाही. लोकाइनं बी जोर केला नाही, काहून का वाघीन पकडल्या गेली होती. पिंजऱ्यात बसलेला मानूस कोनाले वाट दाखवनार? राहू दे बसलेला, म्हनलं मी. वर्साच्या वर्साले पांढरकवड्याहून गाडी बदलून त्या पिंजऱ्याकडं जाते, तं तितला राखनदार लालसिंग साहेबाले विचारून मले जाळीपासून दूर, निंबाखाली बसू देते. ते तिकडून उठून येतात. येतातच. वाघीन येऊन समोर बसते, मान खाली घालते, अन् तिच्या पाठीवर, इथं खांद्याच्या मांगं, जरा दबलेलं दिसते. मी सांगते, तूर कशी आहे, सदाशिवाची ढोरं कशी आहेत. लालसिंग म्हनते, मावशी, ही दुसऱ्या कोनासाठी हलतबी नाही.

याही दिवाळीनंतर जाऊन आली. बरे आहेत.

दुपट्टा पांढराच, अन् कोपरा शिवला होता. लाल दोरा होता घरात, तोच घेतला. त्यावर ते कुरकुरले, का मी काय नवरदेव आहो का. तुले कसं माहीत? मी तं कोनाले सांगतलं नाही. काहून विचारलं?

जेवत जाय. माया पातळ होऊ देऊ नको.

तुही आत्या


हैदराबाद
२ डिसेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी चार वेळा फाडलं. आमच्या सरांची परवानगी घेऊन लिहिते आहे. हेच वनखात्याकडेही कळवलं गेलं आहे; तुला ते बाहेरून ऐकावं लागू नये म्हणून हे पत्र.

तो शिवलेला कोपरा माझ्यासमोर आला. एका पाकिटात, बोटभर कापड. पाकिटावर आपल्या गावाचं नाव होतं. पण मी ओळखला तो तुझ्या टाक्यांवरून. तू शेवटचा टाका नेहमी उलटा घेतेस. त्या कापडावर वाघिणीची लाळ आणि दोन केस होते. तेव्हा त्यावरूनच ठरवलं होतं की पकडलेली वाघीण तीच.

आत्या, ती ती नाही.

तुझ्या करंगळीवरूनच सांगते. कोणी आपल्या घरातल्या माणसांच्या फक्त करंगळ्या पाहिल्या, तर त्याला तू कोण, मी कोण, बाबा कोण, काही कळणार नाही. पूर्ण चेहरा पाहावा लागेल. तेव्हा तपासणारे वाघाच्या अंगातल्या अशा मोजक्याच खुणा ताडून पाहत. मोठ्या जंगलात, जिथे लांबलांबचे वाघ येऊन मिसळतात, तिथे तेवढ्या पुरतात. आपल्या जंगलात नवं रक्त येत नाही. त्याच त्या घराण्यात पोरं होतात, आणि सगळ्यांच्या खुणा सारख्या होत चालल्या आहेत. म्हणून दोघी एकच वाटल्या. त्यात कोणाचा हलगर्जीपणा नव्हता. आता आम्ही पूर्ण चेहरा पाहतो. पिंजऱ्यातली वाघीण वेगळी आहे. दुपट्ट्यावरची तिची सख्खी बहीण आहे.

गेलेलं माणूस माझंच, म्हणून माझ्या तपासणीवर विश्वास ठेवू नये, असं मला वाटलं. ऋचाला पाकिटावरचं नाव झाकून पुन्हा तपासायला दिलं. तिचंही तेच आलं. मग मी तिला पुन्हा करायला लावलं. ती रागावली, पण केलं.

अजून एक आहे, आणि ते लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही. या हिवाळ्यात आपल्या टेकडीवरून, नाल्याच्या अंगाने, ताजे नमुने आलेत. दुपट्ट्यावरची ती तिथेच आहे. जिवंत आहे.

तू चार वर्षं ज्या वाघिणीसमोर बसलीस, तिने मामाजींना कधी पाहिलंही नसेल. पाठीवर कोणी बसत नाही, हे सगळं मनाचं आहे, असं मी तुला समजावून सांगणार होते. तसं लिहायला बसले आणि लिहिता आलं नाही. त्या कापडाला हात लावल्यापासून मला प्रयोगशाळेत एकटीला पाठ दाराकडे करून बसवत नाही.

तू नाल्याकडे जाऊ नकोस. तू नक्की जाशील, म्हणून लिहिते. माझ्या गळ्याची शपथ आहे. वनखात्याची माणसं येतील, कॅमेरे लावतील, तोवर थांब. तुला मागून काही आलेलं ऐकूसुद्धा येणार नाही, आत्या.

रागावलीस तरी चालेल, पण उत्तर पाठव.

तुझी,
प्रणिता


हैदराबाद
१९ डिसेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र नाही. बाबांना फोन केला. ते म्हणाले, ती ओट्यावर बसून टेकडीकडे पाहते, आणि ताटात दोन घास तसेच ठेवते, कोणासाठी तरी ठेवल्यासारखे. नाल्यावर वाघिणीने गाय मारली तेही सांगितलं. बसंतीबाई आणि तिच्या सोबतच्या बाया कापूस वेचत होत्या, तिथून हाकेच्या अंतरावर. बसंतीबाई म्हणे सगळ्यांना सांगत सुटली आहे की वाघीण गावाची वाट ओळखून आली, कोणीतरी दाखवल्यासारखी.

तू हे ऐकून काय ठरवशील ते मला माहीत आहे. म्हणूनच झोप नाही. काल दुपारी प्रयोगशाळेत कोणीतरी मागे उभं आहे असं वाटलं. वळले तर खुर्चीवर माझाच दुपट्टा होता.

मी सांगितलं नसतं तर तू सुखात असतीस. पण मग बसंतीबाईला कोण सांगणार होतं की टेकडी रिकामी नाही? दोन्हीकडून विचार करते आणि दोन्हीकडून मीच सापडते.

चार ओळी लिही. शिव्या असल्या तरी चालतील.

प्रणिता


बोरतळा
६ जानेवारी २०२५

चि. प्रणिताले,
आत्याचा आशीर्वाद. आधीचा वापरून संपला असन म्हनून नवा पाठवते.

शिव्या द्याच्या होत्या, खूप जमवल्या होत्या. मंग वाटलं, एवढ्या लांब पाठवून वाटेतच शिळ्या होतीन.

राग आला होता. तुह्यावर नाही. मले वाटे, हे चार वर्सं इथंच होते. टेकडीवर. पावसात, थंडीत. अन् मी दुसरीकडे जाऊन तुरीच्या गोष्टी सांगत बसली. ते पाहत असतीन, का ही गाडीत बसून कुठं चालली? सांग, या वयात नवऱ्यानं असं पकडलं तं काय उत्तर द्यावं?

तुही शपथ मोडली नाही. एकटी गेली नाही. भर दुपारी गेली, सदाशिवाले घेऊन. वनखात्याचे चौघं होते, फटाके घेऊन. गावची मानसं डफडं वाजवत होती. बसंतीबाईबी आली, म्हने मी पुढं राहते. मी म्हनलं तू मांगंच राह्य, तुले लेकरं आहेत. तूर डोक्याच्या वर गेली आहे औंदा. ते पडले तिथं आपला शेंदराचा दगड आहे, तिथं उभी राह्यली. मले उतरवाचंच नव्हतं त्याइले. घरात जागा मोकळी आहे, पाठीवर बसून का होईना, जवळ आहेत, असं वाटे. पन त्याइच्या हातून बसंतीबाईची लेकरं उघडी पडली तं? ते तसे नव्हते. जिवंतपनी कोनाचा बांध कोरला नाही त्याइनं.

नाव घेतलं.

आता ऐक, इथं मी फसली. माह्या कानाले माहा आवाज येत नाही. तोंड उघडलं, जोर लावला, पन नाव भायेर निघालं का आतच राह्यलं, मले कसं समजावं? दुसऱ्यांदा घेतलं. डफडं वाजाचं थांबलं होतं, वाजवनाऱ्याचा हात वरच राह्यला होता. मंग सदाशिवाकडं पाह्यलं. त्यानं डोक्यावरची टोपी काढली होती, अन् तुरीकडं पाहत होता. मी पाह्यलं नाही तिकडं. त्याले मंग विचारलं, काय होतं? तो सांगत नाही. तू विचारून पाह्य, तुले सांगते का.

त्या दिवसापासून ताटात काही ठेवत नाही. घर मोठं झालं आहे. कॅमेऱ्यात ती टेकडीच्या पलीकडं जाताना दिसली म्हनतात. तुह्या मशीनले विचार, खरं काय ते.

मंग पिंजऱ्याकडंबी गेली. म्हनलं, तिची माफी मागा लागते, चार वर्सं परक्या मानसाचं ओझं तिच्यावर टाकलं मी. अन् प्रणिता, ती उठून आली. तशीच. समोर बसली, मान खाली घातली. पाठीवर कोनी नाही, मी नीट पाह्यलं. तरी तिथं दबलेलं आहेच. तिची ठेवनच तशी. मंग चार वर्सं ती कोनासाठी येत होती गं? मी तिले सांगतलं, तुही बहीन आहे इकडं, बरी आहे. सांगावं का नाही, समजत नव्हतं. सांगून टाकलं. वर्साले जात जाईन मी. तिचंबी कोनी नाही.

तिले सोडनार नाहीत. पिंजऱ्यात इतकं राह्यलेलं जनावर रानात टिकत नाही म्हनतात. पन जाळीवरची 'नरभक्षक' लिहिलेली पाटी लालसिंगनं काढली. साहेबानं कागद केला होता, का या वाघिनीवरचा आळ खोटा होता, मयताच्या बायकोले मान्य आहे. शाईची डबी पुढं केली त्यानं अंगठ्यासाठी. मी पेन मागतला. नाव आता घेतलंच आहे, तं लिहाले कायची लाज.

पहिलीच सही, जरा वाकडी झाली. तिथं जशी केली तशीच खाली करून पाठवते, शिकवनारीनं तपासावी.

तानाबाई नागोराव ठावरी