सिंहाचं नाणं आणि यंदाची चवथ

१२ ऑगस्ट १९८९

भावजी आले. चहाही घेतला नाही. धाकटे दीर माझे, पण वागणं मामलेदाराचं! साईशने—त्यांच्या मुलाने—मोरजेच्या किनाऱ्यावर गोऱ्यांना विकतात तसलं एक पितळी नाणं आणलंय. आपल्या देव्हाऱ्यातल्या सोन्याच्या सिंहाच्या नाण्यासारखं हुबेहूब. झालं, भावजींना शंका. आपलं तरी जुनं कशावरून? म्हणाले, वयनी, तुम्हीच दोन्ही सोनाराला दाखवा, मला ऑफिस आहे. खरं ठरलं तर बँकेच्या लॉकरात. आणि गणपतीची चवथ दर वर्षी डिचोलीला, त्यांच्याकडेच.

मी म्हटलं बघू.

बघू काय! आमच्यात नाणं ज्याच्या घरी, चवथ त्याच्या घरी. एक वर्ष त्यांची पाळी, एक वर्ष माझी. यंदा माझी. हे गेल्यापासून या घरात पंगत बसते ती तेवढीच.

१३ ऑगस्ट

पोदेराकडून उंडो पाव घेतला. अर्धा उरला. एकटीला किती लागतं!

१६ ऑगस्ट

डिचोलीला नारायण शेट सोनाराकडे गेले. कसोटीवर सोनं लगेच कळलं. पण शेट म्हणतो, सोनं खरं म्हणून नाणं खरं असं नाही. देवापुढे ठेवायला सोन्याचीही नक्कल ओततात. मग भिंग लावलं, मलाही बघायला दिलं.

साईशचं साच्यात ओतलेलं. काठावरून जोडाची रेघ फिरलेली. अंगावर बारीक भोकं. सिंह मऊ, भिजल्या साबणासारखा.

आमचं ठोकलेलं. खाली ठसा, मध्ये सोनं, वरून घण. घाव बसला तसं सोनं पसरलं नि काठ फाटला. सिंह एका अंगाला सरकलाय, शेपटी नाण्यात मावलीच नाही. मला वाटायचं, मीच घासून घासून घालवली! दर वर्षी चिंच आणि राख लावते. हे सांगितलं तर शेट ओरडलाच, "बाये, ह्या काय तांब्याचा भांडा?"

खरं आहे. शेकडो वर्षांचं आहे म्हणतो. तिठ्यापर्यंत मी ताठ चालले. मग लॉकर आठवला.

१८ ऑगस्ट

गोव्याचं राज्य झालं, कोकणी राजभाषा झाली, रेडिओवर सारखं तेच. मला लिहायला येतं ते मराठीच, तेही चौथीपर्यंतचं. वाचतंय कोण! म्हणून इथे लिहिते—भावजींना मी खोटं सांगणार. नक्कल म्हटल्यावर लॉकरात कोण ठेवतो? पाळी चालू राहील.

२० ऑगस्ट

सांगून आले. सोन्याचंच आहे, पण ओतलेलं. भावजींनी हातातसुद्धा घेतलं नाही. ठेवा तुमच्याच देव्हाऱ्यात, म्हणाले. जाऊ दारात उभी होती, चंद्रावती. ती नेहमीचीच घुमी.

येताना गणपतीवर टांगायच्या माटोळीला सुपाऱ्या सांगितल्या. सगळे येणार तर फळं जास्त लागतील.

३० ऑगस्ट

साईशकडून निरोप. नाणंच खोटं तर पाळी कसली? यंदापासून ज्याची चवथ त्याच्या घरी. भावजींनी गणपती सांगितलासुद्धा.

अक्कल गेली होती माझी! खरं सांगितलं असतं तर निदान त्यांच्या पंगतीला बसले असते. आता जाऊन काय सांगू? कोण विश्वास ठेवील?

माझीही मूर्ती सांगून झालीय. ती उचलून आणायला कुणाचे पाय धरू?

२ सप्टेंबर

माटोळी बांधली. स्टूल डुगडुगत होतं. धरायला कोण नाही. एक नारळ पडला, तो तसाच ठेवला.

३ सप्टेंबर

शेजारच्या शिवदासने मूर्ती आणून दिली. म्हणाला, माणसं कधी येणार? म्हटलं, उद्या.

४ सप्टेंबर, चवथ

चंद्रावती आली. एकटीच, पातोळ्यांना हळदीची पानं घेऊन. बाप-लेकाला तिकडे वाढून ठेवलंय म्हणाली. नाण्याला फूल वाहिलं, आणि माझ्याकडे न बघताच—

"वयनी, सोनाराच्या पायरीर तू ता कपाळाक लायलंस. मीया बघलंय. खोट्या नाण्याक कोण असा करता?"

घरात कुणाला बोलली नाही म्हणे. तिने आदोळी मागितली आणि खोबरं खवायला बसली.