दोन्ही हात पांघरुणाबाहेर

आई, आज वर्गात इन्फिल्ट्रेशन शिकवलं आणि तेव्हापासून तू काही डोक्यातून जाईनास. फळ्यावर शब्द लिहिला तशी पहिल्या बाकावरची एक म्हणाली, "मॅडम, बातम्यांत घुसखोरी म्हणतात, तेच ना?" म्हटलं, तेच गं बाई. सीमेवरून माणसं चोरून आत येतात ती घुसखोरी. पावसाचं पाणी जमिनीत मुरतं, त्यालाही पुस्तकात हाच शब्द. आणि आपल्या वॉर्डात सुई शिरेतून सरकते, सलाईन आजूबाजूच्या मांसात उतरतं, हात सुजतो, गार पडतो, तेही हेच. गाजावाजा न करता आत शिरणं. पोरींनी माना खाली घालून भराभर लिहून घेतलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "अक्षर छान आहे. आता पेशंटला हात लावा."

खडकीच्या क्वार्टरमधलं आपलं स्वयंपाकघर आठवतं. मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला, तू ड्यूटीवरून नुकतीच आलेली, चहाचं आधण ठेवलेलं. मी ऐटीत पुस्तकातली व्याख्या घोकतेय. तू ऐकून घेतेस आणि म्हणतेस, "आम्ही सरळ 'सलाईन बाहेर गेलं' म्हणतो. आणि एकच हात बघायचा नाही. दोन्ही हात पांघरुणाबाहेर काढायचे, दोन्ही एकदम आपल्या हातांत घ्यायचे. सुजलाय की मुळातच जाडा आहे, हे दुसऱ्या हाताशिवाय कसं कळणार तुला?" बोलता बोलता चहा उतू गेला. खापर अर्थात माझ्यावर फुटलं.

पुढे तुझ्याच वॉर्डात शिकायला आले, तेव्हा पाहिलं, तू खाटेखाटेशी थांबून असेच हात हातात घ्यायचीस. धायरीच्या एक आजी होत्या. त्यांना वाटायचं, सिस्टर मायेनं हात धरतात. मला जवळ बोलावून म्हणाल्या, "पोरी, तुझी आई लई मायाळू हाय." खरं सांगू? मला त्यांचा हेवा वाटला गं. घरात तू कधी कुणाचा हात हातात घेतला नाहीस. ताप आला की कपाळाला उलटा हात लावायचीस, तोही चटका बसल्यासारखा काढून घ्यायचीस, वर म्हणायचीस, "काही नाही, शाळा बुडवायची लक्षणं!" खाऊ घातलंस, शिकवलंस, कशाला कमी पडू दिलं नाहीस; पण जवळ घेणं तुझ्या ड्यूटीत नव्हतं. मला ते फार हवं होतं आणि मागायची सोय नव्हती.

मग शेवटच्या आजारात तूच खाटेवर आलीस. रोज माझं काम संपलं की मी येते, तुझे दोन्ही हात पांघरुणाबाहेर काढते, हातांत घेते. डावा, उजवा, दोन्ही सारखे. सुई जागेवर. तू डोळे न उघडता म्हणतेस, "किती वेळ तपासतेस? एवढ्यात माझे चार पेशंट झाले असते." मी म्हणते, "नवशिकी आहे, घ्या सांभाळून, सिस्टर." केस पिकायला लागलेली नवशिकी! तू किंचित हसलीस, पण हात काढून घेतले नाहीस.

हे तुझ्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणूनच लिहायचा धीर झाला. हात लावताक्षणी मला सगळं कळायचं, आई. तपासणं तिथेच संपायचं. उरलेला वेळ मी नुसतीच तुझे हात धरून बसायचे.