तुझे शेरे, माझे गुण

सुलभा दिगंबर वानकर, तुला जाऊन चौदा वर्षे झाली. आज माझ्या सेवेचा शेवटचा दिवस. म्हणून वनस्पतिशास्त्र विभागात, तुझ्याच टेबलाशी बसून हे लिहितो आहे.

महाविद्यालयाने यंदापासून प्रात्यक्षिकाचे गुण बंद केले. आता केवळ उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण. तू हयातभर हेच मागत होतीस. पण तुझ्या मागणीचे या मंडळींनी काय केले, ते पाहायला तू हवी होतीस. सभेत ठरावाला टाळ्या पडल्या, त्या विद्यार्थ्यांच्या हितासाठी नव्हे, बेरजा वाचल्या म्हणून. एका प्राध्यापकाने साठ जणांच्या यादीवर चहा निवायच्या आत खुणा केल्या आणि "लागला निकाल, सर!" म्हणत बशी पुढे सरकवली. विद्यार्थीही अशा गुरूंना शोभणारेच. कांद्याच्या मुळाची आकृती मोबाइलवरून उतरवणाऱ्या एकीला हटकले, तर म्हणते, "सर, पास तं सारेच होऊन राह्यले. मंग त्या सूक्ष्मदर्शकात डोये काऊन फोडू?" शेजारची तोंड दाबून हसली. मला या सर्वांची शिसारी आली.

दुपारी कपाट रिकामे करताना तुझी वही सापडली. तू 'उत्तीर्ण' एवढ्यावर कधी थांबत नव्हतीस. प्रत्येकापुढे एक वाक्य आहे. 'छेद पातळ घेते, पण घाई करते.' 'उत्तर ठाऊक असते, बोलायला भितो.' ही वही ज्या वर्षाची, त्या वर्षीही विद्यापीठाला आकडे हवे होते. तू ते द्यायला नकार दिलास आणि विभागप्रमुख या नात्याने मी भरले. मग समुद्रपूरहून एसटीने येणारा तो विद्यार्थी तुझ्यासमोर उभा राहिला, "मॅडम, मले सोळा अन् त्याले सतरा, काऊन जी?" संध्याकाळी स्वयंपाकघरात तू विचारतेस, "अहो, माझे शेरे वाचूनच दिलेत ना गुण?" मी म्हणतो, "अर्थात." आणि वर सुनावतो, "उत्तीर्ण झाला ना तो? मग तक्रार कसली?" तू तव्यावरची पोळी उलटलीस. तो विषय पुन्हा काढला नाहीस.

मी एकही शेरा वाचला नव्हता. हजेरीच्या क्रमाने सोळा, सतरा, सोळा, सतरा असे भरत गेलो. माझाही चहा निवला नव्हता. आज सगळे शेरे वाचले. त्या मुलापुढे तू लिहिले आहेस, 'वर्गातील सर्वांत बारीक नजर.'

ही वही महाविद्यालयाची मालमत्ता आहे. तरी ती माझ्या पिशवीत आहे. एवढ्या ओळी बाहेरच्या बाकावर बसून लिहितो आहे. विभागाच्या दाराला कुलूप लावले. किल्ल्या कार्यालयात परत केल्या.