फोटोसाठी थांबवलेलं तबक

रत्नागिरी, आश्विन १९३०, शुक्रवार, तिन्हीसांजा

बंदी मोडून भाषण करायला निघालेल्या बापूसाहेब वकिलांना ओवाळायला आज मला नेलं. का, तर माझे यजमान मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेत. मी तबक फिरवायला लागले तर फोटोवाला ओरडला, "वहिनी, हात हलवू नका, चित्र पुसट येईल!" मग तबक तसंच धरून उभी राहिले. बापूसाहेब हसतमुख, मान जरा उजवीकडे. न फिरणाऱ्या तबकाला ओवाळणं म्हणायचं का?

धरायचं नि लगेच सोडायचं, असं फौजदाराशी आधीच ठरलं होतं म्हणे. चहाच्या वेळेला बापूसाहेब घरी परतलेसुद्धा.

ह्यांना शिरोड्याच्या मिठागरातून लाठ्यांनी झोडपून नेलं. घरून निघताना ह्यांनी मला एवढंच सांगितलं होतं, "राजापुरास जाऊन येतो." मी चुलीपुढून उठलेसुद्धा नाही. हाताचं हाड मोडलं असं मागाहून कळलं. जुळलं असेल का? वैशाखापासून इथे कुणी विचारायला फिरकलं नाही. आज तबक धरायला तेवढी आठवण झाली!

आत्ता खुंटीवरच्या ह्यांच्या टोपीला ओवाळलं. अशुभ म्हणतील, म्हणोत. तबक सावकाश, पुरतं फिरवलं. कुणी थांबवलं नाही. थांबवायला घरात आहे कोण?