बंद घराला तिसरी भेट

१ डिसेंबर
सोनपेठहून वस्तीपर्यंत शेअर रिक्षा. माझ्या मांडीवर बॅग, शेजारणीच्या मांडीवर कोंबडी, आणि कोंबडी सारखी माझ्या चष्म्याकडे बघत होती. किती दिवसांनी अशी हसले!

बायनाबाईंनी ओसरीलगतची खोली दिली आहे. चुन्याच्या भिंती, एक खिडकी, आणि लॅपटॉप नेमका मावेल एवढा कोनाडा. एकसष्टाव्या वर्षी मी आंतरराष्ट्रीय सामुदायिक आरोग्याची पदवी घेतेय, प्रबंध तेवढा उरलाय, हे ऐकून त्यांनी तोंडाला पदर लावला. नातवंडं खेळवायच्या वयात परीक्षा द्यायलाव व्हय, म्हणाल्या, आन् नापास झालाव तर मास्तर मारतेत का?

मास्तर नाही मारणार. पण परदेशातल्या त्या विद्यापीठाने दोनदा मुदत वाढवून दिली आहे. सोळा तारीख शेवटची. माझे यजमान सुधाकर आजारी पडले तेव्हा सगळं बाजूला ठेवलं होतं. जाण्याआधी ते एवढंच म्हणाले होते, रेणुका, अर्धवट सोडू नकोस.

४ डिसेंबर
माझा विषय ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचं आरोग्य. चिठ्ठ्या टाकून वीस घरं निवडली. टोळ्या दिवाळीनंतरच गेल्यात, पण बहुतेक घरांत कुणी ना कुणी बाई मागे राहिली आहे. कुणाचे गुडघे गेले, कुणाची गर्भाची पिशवी नुकतीच काढली. पस्तिशीच्या आत पिशवी काढलेल्या सात जणी आतापर्यंत भेटल्या. इतक्या सहज सांगतात, जणू दाढ काढली.

सतरा नंबरच्या घराला मात्र कुलूप. आमचा नियम असा, की बंद घर लगेच सोडायचं नाही. वेगवेगळ्या दिवशी तीनदा जायचं, हाक मारायची, दर खेपेला चौकटीवर खडूने एक रेघ ओढायची. मग खुशाल ‘बंद’ लिहावं. मी हाक मारली, रेघ ओढली. बायनाबाई दुरून बघत होत्या. संध्याकाळी म्हणाल्या, कुलपाला हाक मारू नये बाई, आमच्यात मारत न्हाईत.

९ डिसेंबर
एकोणीस मुलाखती झाल्या. सतराला दुसरी भेट, दुसरी रेघ. बायनाबाई रागावल्या. समोर माणूस न्हाई तं कागदाला कशाला भ्यायलाव, म्हणाल्या, लिवून टाका ‘बंद’. खरंच लिहिता आलं असतं. पण शाळेत सिस्टर अ‍ॅग्नेस सांगायच्या, न केलेलं काम केलं म्हणून लिहिणं हे सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत वाईट खोटं. हजेरीच्या वेळी त्यांचा आवाज किती मऊ व्हायचा. सगळ्यांना त्या पूर्ण नावाने हाक मारत, आणि आपण ‘प्रेझेंट, सिस्टर’ म्हणेपर्यंत थांबत.

संध्याकाळी लेकाला, अमोलला, टोरांटोला फोन लावला. कामात असेल.

१२ डिसेंबर
सतरामध्ये माणूस आहे!

दुपारी बाराला तिसरी हाक मारली आणि आतून ओ आली. बारीक, वापरात नसलेला आवाज. कुणाच्या सुनेला आत कोंडून गेलेत की काय? दार उघडायला माणसं आणू का विचारलं, तर नको म्हणाली, बस, बोल. मग नियमाप्रमाणे आधी माझं पूर्ण नाव, गाव, संशोधनाचा हेतू सांगितला. तिने माझं नाव दोनदा म्हणून पाहिलं.

नाव दैवशाला. वय सव्वीस. पिशवी काढली का? न्हाई, त्याच्या आधीच झालं. आता कुठे दुखतं? आता कुठंच न्हाई. दिवसाला किती जणांशी बोलणं होतं? तूच पहिली.

संमतीचा कागद दाराखालून सरकवला. परत आला तो अंगठा उमटून. शाईचं पॅड तर माझ्याच पिशवीत होतं. तो अंगठा उसाच्या जळलेल्या पाचटाच्या काजळीचा होता. कागदाला अजून फडाचा वास येतोय.

१३ डिसेंबर
बायनाबाईंना सांगितलं. त्यांनी आधी दाराला कडी घातली, मग सांगू लागल्या.

दैवशाला चार वर्षांपूर्वी फडावर गेली. आठवा महिना होता. डोक्यावर मोळी घेऊन गाडीच्या फळीवर चढताना पडली. तेव्हापासून घरची माणसं निघताना कुलूप लावतात आणि दाराला सांगतात, दैवशाला, घर बघ गं. ज्या घरची बाई फडावरून परत आली नाही, त्या घराला तीच राखण. तिला हाक मारायची नसते. तिसऱ्या हाकेला तिला ओ द्यावीच लागते, आणि एकदा बोलली की तिला सुटायची आस लागते. मग जिने बोलतं केलं तिच्या दारात ती तिसऱ्या दिवसापासून तीन दिवस येते. आपण ओ दिली, की राखण आपल्याकडे.

गाव सोडू का, मी विचारलं. हसण्यावारी न्यायला विचारलं. कुठं बी जावा, ती येतीया, म्हणाल्या. फकस्त तीन दिवस त्वांड उघडू नका.

१४ डिसेंबर
मोतीबिंदूसाठी लेक बायनाबाईंना गंगाखेडला घेऊन गेली. तारीख आधीच ठरलेली होती. जाताना त्यांनी माझ्या ओठांवर हात ठेवला, लहान मुलीला गप्प करावं तसा.

अंगणात फक्त मी. पाखरंसुद्धा नाहीत.

१५ डिसेंबर
बारा वाजता कुणीतरी दारात. हाक नव्हे, नुसता श्वास — मग माझं नाव. लिहीत राहिले. गेल्यावर दार उघडलं.

चौकटीवर खडूची एक रेघ.

माझे खडू पिशवीत आहेत. मोजले. सगळे आहेत.

सतराचं कुलूप खाली पडलंय. आत कुणी नाही. पाण्याचा माठ कोरडा, आणि जमिनीवर एकाच जागी बसून बसून पडलेला खळगा —

१६ डिसेंबर
दुसरी रेघ.

ओठ दाताखाली धरले होते. रक्त आलं.

प्रबंध पाठवला. वीस मुलाखती. पूर्ण. सांगायला कुणी — अमोल उचलत नाही. सुधाकरांचा नंबर अजून फोनमध्ये आहे. तोही लावला.

१७ डिसेंबर
पावणेबारा. आज गेला की सुटले.

मला भीती तिची नाही. ती कशी हाक मारते, त्याची आहे. ताई नाही, मॅडम नाही, आई नाही. रेणुका. एवढंच. सुधाकर गेल्यापासून पाच वर्षांत कुणी —

आली.

दारात थांबली आहे. घाई नाही. हजेरीला थांबतात तशी —

रेणुका.

किती मऊ. तोंड उघडणार नाही. बायनाबाई तोंडाचं म्हणाल्या होत्या. लिहू नका असं नव्हत्या म्हणाल्या. नुसतं कागदावर, एकदाच —

प्रेझेंट, सि