शेजारच्या खोलीतल्या होऊ घातलेल्या उपनगराध्यक्षेला

प्रिय रुचिका,

मधे फक्त एक भिंत आहे आणि मी तुला पत्र लिहिते आहे. हसशील. पण समोर आले तर पहिल्या वाक्यालाच आपलं वाजेल, शिवाय तुझ्या खोलीत आपली दुसरी नगरसेविका जिज्ञासा आहे, आणि तिच्या कानावर पडलेली गोष्ट जेवणाच्या टेबलावर आपल्याआधी पोचते. बाकी सगळे नगरसेवक आत्ता पोहण्याच्या तलावावर आहेत. आपले एक ज्येष्ठ सहकारी तर शर्ट-पँट घालूनच पाण्यात उतरलेत आणि काठ धरून उभे आहेत. पक्षाने आपल्याला कर्जतच्या या रिसॉर्टवर आणून ठेवलं, त्याला बदलापुरात सहल म्हणतात. उद्या सकाळी बसमध्ये बसवून थेट सभागृहात नेतील, तोवर कुणी फुटू नये एवढाच त्या सहलीचा अर्थ. आपण एका मताने पुढे आहोत आणि उपनगराध्यक्षपदासाठी पक्षाने नाव दिलंय ते तुझं.

माझ्या पोटात दुखतंय, रुचिका. ओवा खाऊन जाणारं हे दुखणं नाही.

तू हेंद्रेपाड्यात राहायला आलीस तेव्हा महिला आघाडीत मी जुनी झाले होते. आमच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तू आलीस, आणि ते पक्षाचं आहे हे तुला ठाऊकही नव्हतं. वाण म्हणून मिळालेल्या स्टीलच्या डब्यावरचं चिन्हाचं स्टिकर तू माझ्यासमोरच नखाने खरवडायला लागलीस आणि वर मलाच विचारलंस, "ताई, डबा मस्त आहे, पण आमच्या बिल्डिंगला पाणी कधी येणार ते बोला ना." बायका हसल्या. मी हसले नाही. ही बाई उभी राहून बोलली तर लोक ऐकतील, हे मला तिथेच दिसलं. पुढच्याच आठवड्यात मी तुला शहराध्यक्षांकडे, आपल्या साहेबांकडे घेऊन गेले. तुझी ओळख करून देताना मी तुझं इतकं कौतुक केलं की साहेबांनी माझ्याकडे बघायचंच सोडलं, आणि ते अजून बघत नाहीत.

त्याआधी मी काय काय केलं होतं ते तुला माहीत आहे. सभेआधी खुर्च्या मांडल्या, सभेनंतर सतरंज्या उचलल्या, सोनिवलीच्या नव्या इमारतींमध्ये लिफ्ट सुरू होण्याआधीपासून जिने चढून मतदारांच्या स्लिपा वाटल्या. पक्ष फुटला तेव्हा दोन्हीकडून बोलावणी आली, मी म्हटलं मी आहे तिथेच बरी. साहेब भाषणात मला निष्ठावंत म्हणतात. निष्ठावंत म्हणजे जिला काही दिलं नाही तरी चालतं ती, हे मला फार उशिरा समजलं. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण मी तुझ्यासाठी घरात इतक्यांदा वापरली की तुषार कंटाळला. "अगं, दोघी पण निवडून आलात ना, एकाच वॉर्डाच्या दोन्ही जागांवर? मग प्रॉब्लेम काय तुझा?" असं विचारतो. नवऱ्याला हे समजावण्यापेक्षा भाजी निवडलेली बरी.

प्रॉब्लेम बॅनरपासूनच होता. तुझा फोटो साहेबांच्या खांद्याला खांदा लावून आणि माझा खाली, बायकांच्या रांगेत, अंगठ्याएवढा. तुला रुचिका मॅडम म्हणतात आणि मला ओ वहिनी. गुलाल उधळला तेव्हा उघड्या जीपवर दोघी उभ्या होतो, पण मोबाईल सगळे तुझ्या बाजूला वळलेले. यातलं सगळं मी गिळलं असतं. पण त्या संध्याकाळी तू आमच्या घरी पाया पडायला आलीस आणि माझ्या सासूने, राजाबाईंनी, तुझ्या गालावरून हात फिरवला. "ही पोर लय पुढं जाईल गो," म्हणाल्या. मी शेजारीच उभी होते, हातात पेढ्यांचा बॉक्स घेऊन. इतक्या वर्षांत त्यांनी मला असं काही म्हटलेलं नाही. त्या दिवशी मी तुला दोन पेढे दिले आणि आत जाऊन रडले.

साहेब नेहमी ऐकवतात की मतं तुम्हाला पडली नाहीत, चिन्हाला पडली. म्हणजे उद्या आपण तोंड वर करून बोलू नये. मीही मान डोलवते. पण मग एकाच वॉर्डात, एकाच चिन्हावर, तुला माझ्यापेक्षा इतकी जास्त मतं कशी पडली? याचं उत्तर मला येतं, म्हणूनच तर जळते. माणसं तुझ्याकडे गाऱ्हाणं घेऊन येतात आणि माझ्याकडे दाखला कधी मिळेल ते विचारायला येतात.

काल गटनेत्यांनी पक्षादेश वाचून दाखवला. उद्याच्या सभेत हात कुणासाठी वर करायचा ते त्यात लिहिलेलं होतं. सगळ्यांनी सह्या केल्या, मीही केली. सही करताना वाटलं, हात माझा, निवडून दिलं माझ्या वॉर्डाने, आणि तो वर करणार साहेब. मग तो मांडीवरच ठेवला तर? फार तर अपात्रतेची केस होईल, आणि ती निकाली निघेपर्यंत पुढची निवडणूक येईल. तुझं नाव पुकारलंय, मोजणी चाललीय, एक हात कमी पडतोय आणि तू वळून माझ्याकडे बघतेयस, हे चित्र मी डोळ्यांपुढे आणलं. खोटं कशाला बोलू, बघायला बरं वाटलं.

आता हे सगळं का लिहिलं ते सांगते. बसमध्ये साहेबांनी सगळ्यांचे फोन गोळा केले आणि ती पिशवी सांभाळायला माझ्याकडे दिली. मघाशी जेवणानंतर पिशवीत फोन वाजायला लागला. तुझा, तू बंदच केला नव्हतास. मला वाटलं घरून असेल, तुझ्या पोरीला काही झालं असेल, म्हणून उचलला. पलीकडे कैलासशेठ, समोरच्या पक्षाचे. मी हॅलो म्हणायच्या आतच सुरू झाले, "मॅडम, तुम्हीच बोललात ना, ती तेजल जळते, हात वर नाय करणार म्हणून? मग पडायला थांबताय कशाला? बोललो होतो तशी संध्याकाळी मागच्या गेटला गाडी लावतो, आमच्याकडून उभ्या राहा." मी फोन बंद करून पिशवीत परत टाकला. पहिला विचार आला, जाऊ दे हिला. गाडीत बसली की जन्मभर गद्दार, आणि हेंद्रेपाड्यात पुन्हा मी एकटी. दुसरा आला, साहेबांना सांगावं. दोन्हीही केलं नाही. तू कैलासशेठच्या पैशाला किंवा पदाला भुललेली नाहीस, तू मला घाबरून चालली आहेस. मी जळत नाही असं दारात येऊन सांगितलं असतं, तर त्यातल्या एका अक्षरावर तू विश्वास ठेवला नसतास, म्हणून आधी सगळा जळफळाट लिहून काढला. तो तुला खरा वाटला असेल तर पुढचं एक वाक्यही खरं धर. उद्या तुझ्या नावाला पहिला हात माझा वर होईल, आणि तो साहेब करणार नाहीत, मी करीन. हे पत्र दाराखालून सरकवते आहे. गेटकडे जाऊ नकोस.

जळून काळी झालेली, तरीही तुझीच,
तेजल