विकतचं जळण

अण्णा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, तरी तुमच्या तेराव्याचा दिवस मला अजून विसरता येत नाही. ओसरीवर माणूस मावत नव्हता. कालव्याखालची एवढी जमीन, वसमतला हळदीची गोदामं, दारात जीप, आणि हा माणूस एसटीनं जायचा, शिवलेली चप्पल घालायचा, असं जो तो कौतुकानं सांगत होता. मला भरून येत होतं. पाणी न्यायला आत गेले, तर आई चुलीजवळ बसलेली. बाहेरचं सगळं तिला ऐकू येत होतं. ती म्हणाली, "साधे व्हते, बराबर हाय. पर त्यांच्यासंगं मला बी साधं राहावं लागलं. मला काहून कुणी इचारलं न्हाई?"

धुरानं तिचे डोळे बारा महिने लाल असायचे. गावात मास्तरांकडे गॅस आला, तलाठ्याकडे आला. ती तुमच्याकडे विषय काढायची तेव्हा मी तिथंच जेवत असायचे. तुम्ही जराही न रागावता म्हणायचात, "आपल्याच शेतात तुराट्या पडून हायेत. विकतचं जळण काहून जाळावं?" आणि ताट धुऊन ते पाणी पिऊन टाकायचात. तुमची काटकसर खोटी नव्हती, हे मला मान्य आहे. स्वतःसाठी तुम्ही काहीच घेतलं नाहीत. पण फुंकणी कधी तुमच्या हातात नव्हती, अण्णा. तुमची चप्पल तुम्ही शिवून घेतलीत, ते ठीक. तिचे डोळे कुणाला विचारून फुकटात धरलेत? याचा राग मला अजून येतो.

वर्षश्राद्ध झाल्यावर मी गॅसची शेगडी आणून बसवली. पहिल्याच दिवशी आई दूध तापवते, पातेलं खाली उतरवते आणि आच तशीच ठेवते. वर काहीच नाही. पदर सावरून नुसती बघत बसते.

"आई, काय बघून राहिलीस?"

"निळं हाय," ती म्हणते. "धूर न्हाई. जळू दे जरा."

हे पत्र टाकणार तरी कुठं? पोचलं असतं, तर तुम्ही आधी पाकीट उसवून, उलटं करून, पुन्हा वापरायला ठेवलं असतंत. आता आईही नाही. तिला मी कधी सांगितलं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. ती तशी बघत बसली होती ना, तेव्हा माझा हात शेगडीच्या बटणाकडे गेला होता.